डायलॉग कुठला, कोणाचा? ‘स्टार ट्रेक’चे संवाद ओळखण्याची रीत

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची विज्ञानकथा-मालिका सुरू झाली. त्या मूळ मालिकेचे ७९ एपिसोड. पुढे ‘नेक्स्ट जनरेशन’चे १७८, ‘डीप स्पेस नाइन’चे १७६, ‘व्हॉयेजर’चे १७२ आणि ‘एंटरप्राइज’चे ९८. नुसत्या या पाच मालिकांचेच सातशेच्या वर एपिसोड होतात. सिनेमे, कार्टून मालिका आणि २०१७ पासूनच्या ‘डिस्कव्हरी’, ‘पिकार्ड’, ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ वगैरे वेगळ्याच. या ढिगातून कोणीतरी एक वाक्य उचलतो, समोर टाकतो आणि विचारतो, ‘सांगा, कोण कधी म्हणालं?’

चाहत्यांचा हा आवडता खेळ. पण नव्याने आलेले बरेच जण दोन-तीन फेऱ्यांनंतर गप्प बसतात. ज्यांनी सगळं चार-चारदा पाहिलंय त्यांच्यापुढे आपला काय पाड लागणार, असं त्यांना वाटतं. खरं तर सातशे एपिसोड शब्दन्‌शब्द कोणालाच पाठ नसतात. पटापट ओळखणारे आठवत बसत नाहीत, ते वाक्याची उलटतपासणी करतात. कोण कोणाशी बोलतंय, कुठल्या हुद्द्याने हाक मारतंय, आसपास कुठल्या वस्तू आहेत, कुठल्या अजून आलेल्याच नाहीत. ज्याने या मालिका एकदा नीट पाहिल्यात त्याला हे जमू शकतं. ही तपासणी कशी करायची ते क्रमाने सांगतो.

खेळाआधी: नियम

उत्तर किती अचूक हवं ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. मालिका, एपिसोड आणि बोलणारा, एवढं सांगता आलं की पुरे. एपिसोडचं नाव आठवत नसेल तर ‘तो चार दिव्यांचा एपिसोड’ असं ओळखीचं वर्णनही चालावं असं माझं मत. नावं किती पाठ आहेत त्याची ही परीक्षा नाही. सिनेमे आणि कार्टून मालिका धरायच्या की नाही ते आधी बोलून घ्या, नाहीतर त्यावरूनच वाद होतात. वाक्य सर्च करून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. जो ओळखेल त्याने पुढचं वाक्य द्यायचं.

पायरी १: हाक पकडा

वाक्यात कोणाला हाक मारलेली असेल तर सगळ्यात आधी तिच्याकडे बघा. ‘स्टार ट्रेक’मधली माणसं एकमेकांना काय म्हणतात हे ठरलेलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाही.

‘बोन्स’ म्हणणारा मूळ मालिकेतला कॅप्टन कर्क. समोर डॉक्टर मॅकॉय. ‘ओल्ड मॅन’ म्हटलं की ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळ-स्टेशनचा प्रमुख सिस्को, आणि समोर वयाने तरुण दिसणारी डॅक्स. तिच्यातल्या सिम्बियंटच्या (एका देहातून दुसऱ्या देहात जाऊन राहणाऱ्या जिवाच्या) आधीच्या आयुष्यापासूनची त्यांची मैत्री, म्हणून हे संबोधन. उलट दिशेने ती त्याला ‘बेंजामिन’ म्हणते. ‘कॉन्स्टेबल’ म्हणजे त्याच स्टेशनवरचा ओडो. ‘मिस्टर व्हल्कन’ म्हणणारा ‘व्हॉयेजर’मधला नीलिक्स आणि ऐकून घेणारा टुव्हॉक. ‘पिंकस्किन’ दिसलं की थेट ‘एंटरप्राइज’ मालिका, अँडोरियन कमांडर श्रान, आणि समोर बहुधा कॅप्टन आर्चर. ‘इम्झादी’ दिसलं की ‘नेक्स्ट जनरेशन’चे रायकर आणि ट्रॉय.

क्यू हा सर्वशक्तिमान, खोडकर प्राणी तर हाकेवरूनच सापडतो. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या कॅप्टन पिकार्डला तो लाडात आणि खवचटपणे ‘मॉन कॅपितेन’ म्हणतो, ‘व्हॉयेजर’च्या कॅप्टन जेनवेला ‘कॅथी’. स्टारफ्लीटच्या, म्हणजे मालिकांमधल्या अंतराळ दलाच्या, कॅप्टनशी इतकी सलगी दुसरं कोणी करत नाही.

जेनवेचाच आणखी एक धागा. पहिल्याच एपिसोडमध्ये, ‘केअरटेकर’मध्ये, ती हॅरी किमला सांगते की मला ‘सर’ म्हटलेलं आवडत नाही, अडीअडचणीला ‘मॅम’ चालेल, पण ‘कॅप्टन’च बरं. त्यामुळे पुढे कॅप्टनला कोणी ‘मॅम’ म्हणताना दिसलं तर आधी ‘व्हॉयेजर’चा विचार करा.

‘नंबर वन’ला मात्र घाई नको. शंभरातले नव्वद जण लगेच ‘पिकार्ड, रायकरला’ असं सांगून मोकळे होतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण मूळ मालिकेच्या पहिल्या, न स्वीकारलेल्या पायलट (नमुना) एपिसोडमध्ये, म्हणजे ‘द केज’मध्ये, कॅप्टन पाइकच्या हाताखालच्या अधिकारी बाईलाही ‘नंबर वन’च म्हणतात, आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये तीच उना पुन्हा भेटते. वाक्य चतुराईने निवडलेलं वाटत असेल तर पाइक डोक्यात ठेवा. ‘एंगेज’ या आज्ञेचंही तसंच. ती पिकार्डची म्हणून ओळखली जाते, पण ‘द केज’मध्ये पाइकनेही ती दिलेली आहे.

पायरी २: हुद्दा आणि हजेरी

मालिका कळली, आता सीझन काढायचा. इथे सगळ्यात कामाला येतात बढत्या, बदल्या आणि मरणं.

सिस्को पहिले तीन सीझन कमांडर असतो. कॅप्टन होतो तो तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, १९९५ साली. म्हणजे वाक्यात ‘कमांडर सिस्को’ असेल तर साताऐवजी तीनच सीझन चाळायचे. ‘कॅप्टन सिस्को’ असेल आणि वर्फही तिथे असेल तर चौथा किंवा त्यापुढचा, कारण वर्फ त्या स्टेशनवर चौथ्या सीझनच्या सुरुवातीला येतो. डॅक्सला कोणी ‘एझ्री’ म्हटलं की सातवा. संपला प्रश्न.

‘व्हॉयेजर’मध्ये टॉम पॅरिसवर लक्ष ठेवा. पाचव्या सीझनमधल्या ‘थर्टी डेज’मध्ये त्याची पदावनती होते आणि सहाव्याच्या शेवटच्या एपिसोडमध्ये त्याला लेफ्टनंटपद परत मिळतं. ‘एन्साइन पॅरिस’ एवढ्या दोन शब्दांनी शोध दोन सीझनांवर येतो. हॅरी किमचा या कामी काहीच उपयोग नाही, बिचारा सातही सीझन एन्साइनच राहिला! सेव्हन ऑफ नाइन बोलत असेल तर चौथा सीझन किंवा पुढचा. केस नावाच्या पात्राशी कोणी निवांत गप्पा मारत असेल तर पहिले तीन.

‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये टाशा यार पहिल्या सीझनपुरती, डॉक्टर पुलास्की दुसऱ्यापुरती, आणि गायनन दुसऱ्यापासून. मूळ मालिकेत चेकॉव्ह दुसऱ्या सीझनपासून येतो.

पुलास्कीचं एक उदाहरण जवळून बघू. ‘द चाइल्ड’ या एपिसोडमध्ये ती डेटा या यंत्रमानवाचं नाव चुकीचं उच्चारते आणि त्याने सुधारलं तर विचारते, फरक काय पडतो? तो शांतपणे म्हणतो, ‘एक माझं नाव आहे, दुसरं नाही.’ समजा तुम्हाला फक्त हे उत्तर दिलंय, प्रश्न नाही. नावाबद्दल असं निर्विकार, तंतोतंत बोलणारा डेटा, हे लगेच कळतं. मग विचार करा, जहाजावरच्या माणसांना त्याचं नाव ठाऊक असणारच, मग चुकतंय कोण? कोणीतरी नवीन. नवीन आणि वर फटकळ म्हणजे पुलास्की. म्हणजे दुसरा सीझन, आणि ओळख आत्ताच होतेय म्हणजे त्याची सुरुवात. एपिसोड न आठवताही तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोहोचलात.

हजेरीच्या नियमाला अपवाद आहेत आणि वाक्य देणारे मुद्दाम तेच शोधतात. ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ या १९९० सालच्या एपिसोडमध्ये इतिहास बदलतो आणि टाशा तिसऱ्या सीझनमध्ये जिवंत दिसते. पण तिथेही खूण सोडलेली आहे. त्या युद्धग्रस्त काळात पिकार्डच्या नोंदीत ‘स्टारडेट’ या मालिकेतल्या आकडी तारखेऐवजी ‘कॉम्बॅट डेट’ येतं. माणूस चुकीच्या सीझनमध्ये दिसला तर काळप्रवास, आरसाविश्व किंवा स्वप्न यांपैकी काय आहे ते बघायचं.

पायरी ३: वस्तू मोजा

जहाजावर काय आहे यावरून शतक कळतं. ‘पोलराइझ द हल प्लेटिंग’ अशी आज्ञा आली तर ते ‘एंटरप्राइज’, कारण कथाक्रमात ही मालिका मूळ मालिकेच्या शंभरेक वर्षं आधीची आणि आर्चरच्या जहाजाला अजून ढालीच नाहीत. ‘फेझ पिस्तूल’ही त्याच काळातलं. ‘ब्लॅक अलर्ट’ आणि ‘स्पोअर ड्राइव्ह’ म्हणजे ‘डिस्कव्हरी’. ‘जेल पॅक’ बिघडलेत म्हणजे ‘व्हॉयेजर’. ‘डेल्टा फ्लायर’ काढायचंय म्हणजे ‘व्हॉयेजर’चा पाचवा सीझन किंवा नंतरचा.

करमणुकीची जागाही बघा. पिकार्डच्या आणि जेनवेच्या जहाजावर ‘होलोडेक’ (हवी ती आभासी दुनिया उभी करणारी खोली) असतं. ‘डीप स्पेस नाइन’वर क्वार्कच्या बारच्या वरच्या मजल्यावर असतात ते ‘होलोसूट’, आणि त्यांचे तो पैसे घेतो. ‘रनअबाउट’, ‘ऑप्स’, ‘प्रोमेनेड’ हे शब्दही ‘डीप स्पेस नाइन’कडे नेतात.

पायरी ४: स्टारडेटचं गणित

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. अनेकांना स्टारडेट म्हणजे शोभेचे आकडे वाटतात. मूळ मालिकेत ते जवळजवळ तसेच होते. तिथे चार आकडी संख्या आणि पुढे दशांश असायचा, १३१२.४ पासून ५९४३.७ पर्यंत, आणि प्रसारणाच्या क्रमाशी त्याचा मेळ बसेलच असं नाही. त्यामुळे चार आकडी स्टारडेट दिसली तर ‘कर्कचा काळ’ एवढंच समजा. त्यातही ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ आणि कर्कच्या चमूचे जुने सिनेमे येतात.

१९८७ साली ‘नेक्स्ट जनरेशन’ आली आणि आकडे पाच झाले. सुरुवात ४१ पासून. इथला दुसरा आकडा म्हणजे सीझन. ४१ पहिला, ४२ दुसरा, असं ४७ पर्यंत. पुढचे तीन आकडे साधारणपणे सीझनच्या सुरुवातीपासून शेवटाकडे वाढत जातात. आता कोणी वाक्य दिलं, ‘कॅप्टन्स लॉग, स्टारडेट ४३९८९.१’. दुसरा आकडा ३, म्हणजे तिसरा सीझन. पुढे ९८९, म्हणजे सीझन संपत आलाय. तिसऱ्या सीझनचा शेवटचा एपिसोड ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पहिला भाग. झालं. लॉगमध्ये पुढे काय म्हटलंय ते वाचायचीही गरज पडली नाही.

याच रांगेत पुढच्या मालिकाही बसतात. ‘डीप स्पेस नाइन’साठी पहिल्या दोन आकड्यांतून ४५ वजा करा, ‘व्हॉयेजर’साठी ४७. ४६३७९.१ ही ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या एपिसोडची स्टारडेट. ४६ वजा ४५ म्हणजे सीझन पहिला. ४८३१५.६ ही ‘व्हॉयेजर’च्या सुरुवातीची. ४८ वजा ४७, पुन्हा पहिला. अडचण एकच. मालिका एकाच वेळी चालू असल्याने एकच संख्या दोन जागी बसू शकते. ४६ म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’चा सहावा सीझन किंवा ‘डीप स्पेस नाइन’चा पहिला. ४८ ते ५२ म्हणजे ‘डीप स्पेस नाइन’ किंवा ‘व्हॉयेजर’. तिथे नोंद कशी सुरू होते ते बघा. ‘स्टेशन लॉग’ असेल तर सिस्को. ‘कॅप्टन्स स्टारलॉग’ असेल आणि पुढे सरळ पृथ्वीवरची तारीख असेल तर आर्चर.

‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या सीझनमध्ये मात्र शेवटच्या तीन आकड्यांवर विसंबू नका. तिथे क्रमाचा सगळा गोंधळ आहे. ‘द बिग गुडबाय’ची स्टारडेट ४१९९७.७ आणि तिच्यानंतर दाखवलेल्या ‘डेटालोर’ची ४१२४२.४.

पायरी ५: बोलण्याची ढब

नाव, हुद्दा, वस्तू, आकडा, काहीच नसेल तर वाक्याची चाल बघायची.

डेटा इंग्रजीतली जोडरूपं वापरत नाही. ‘आय अ‍ॅम’ म्हणतो, ‘आयम’ म्हणत नाही. १९८८ सालच्या ‘डेटालोर’मध्ये तर यावरच कथा फिरते, कारण त्याचा दुष्ट जुळा लोर मात्र बिनदिक्कत जोडरूपं वापरतो. गंमत म्हणजे त्याच एपिसोडच्या शेवटी पिकार्ड विचारपूस करतो तेव्हा डेटा ‘आयम फाइन’ म्हणून जातो! चाहते त्यावर आजही वाद घालतात. पण खेळापुरता नियम भक्कम आहे. लांब, नेटकं, एकही जोडरूप नसलेलं वाक्य दिसलं की डेटा आणि स्पॉक या दोघांना आधी उभं करा. दोघांत फरक असा की स्पॉक निष्कर्ष सांगतो आणि डेटा बहुधा प्रश्न विचारतो.

नुसत्या नावांनी आणि दाखल्यांनी भरलेलं तुटक वाक्य, ‘शाका, व्हेन द वॉल्स फेल’ यासारखं, म्हणजे १९९१ सालचा ‘डार्मोक’. ती सगळी जमात दंतकथांचे दाखले देऊनच बोलते. फेरेंगी ही व्यापारी जमात माणसाला ‘ह्यू-मॉन’ म्हणते, पण लिहिलेल्या वाक्यात तो उच्चार येईलच असं नाही. तेव्हा नफा-तोट्याची भाषा बघा. ‘डीप स्पेस नाइन’मधला शिंपी गॅरॅक सरळ उत्तर देत नाही, आणि दिलंच तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पायरी ६: वाक्यातून प्रसंग उभा करा

आतापर्यंत आपण शब्द तपासले. आता उलट बाजूने जायचं. हे वाक्य तोंडातून निघायला समोर काय घडत असेल?

‘आयम अ डॉक्टर, नॉट अ...’ ही मॅकॉयची पालुपदासारखी ओळ घ्या. कोणाची ते सगळ्यांना माहीत, त्यामुळे सोपी वाटते. पण एपिसोड विचारला की भलेभले अडतात, कारण ती कितीतरी वेळा आली आहे. युक्ती अशी, की शेवटच्या शब्दाकडेच बघायचं. डॉक्टर कशाला नकार देतोय म्हणजे त्याला काय करायला सांगितलंय?

‘ब्रिकलेअर’ म्हणजे गवंडी. डॉक्टरला गवंडीकाम कोण सांगेल? जखमी रुग्ण दगडासारखा असेल तर. सिलिकॉनचा प्राणी, खाणीतली होर्टा, जिची जखम मॅकॉय काँक्रीटसारख्या पदार्थाने लिंपतो. १९६७ सालचा ‘द डेव्हिल इन द डार्क’. ‘एस्केलेटर’ म्हणजे कोणाला तरी वर चढवायचंय. गरोदर बाईला खडकाळ चढ चढायला तो मदत करत असतो, तो ‘फ्रायडेज चाइल्ड’. ‘इंजिनिअर’ म्हणजे शेजारी स्कॉटी आहे आणि कामाला हात कमी पडतायत, ‘मिरर, मिरर’. आणि ‘डोअरस्टॉप’? दार अडवून धरायला सांगितलंय. पण हा मॅकॉय नाहीच. १९९६ सालच्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ सिनेमात बोर्ग (अर्धे यंत्र झालेले परग्रही शत्रू) आत येऊ नयेत म्हणून होलोग्राम डॉक्टरला चालू करतात, तेव्हाचं त्याचं हे उत्तर. एकच साचा, पण शेवटचं एकेक नाम वेगवेगळ्या प्रसंगात नेऊन सोडतं.

असंच वर्फचं ‘आय अ‍ॅम नॉट अ मेरी मॅन’. सर्वांना तोंडपाठ आहे, पण कुठलं ते आठवत नसेल तर ‘मेरी मॅन’ म्हणजे रॉबिन हूडचे साथीदार हे लक्षात घ्या. स्टारफ्लीटच्या लोकांना रॉबिन हूडच्या वेषात उभं करण्याचा उद्योग क्यूशिवाय कोण करणार? १९९१ सालचा ‘क्यूपिड’.

आता एक नवख्यांना जमणारं. ‘देअर्स कॉफी इन दॅट नेब्युला.’ एक माणूस तेजोमेघात कॉफी शोधतोय. म्हणजे जहाजावर कॉफी नाही. स्टारफ्लीटच्या जहाजावर रेप्लिकेटरमधून हवं ते निघतं, मग कॉफी का नाही? ऊर्जा वाचवायची असेल तर. ऊर्जेची अशी चणचण कोणाला? घरापासून दूर अडकलेल्या ‘व्हॉयेजर’ला, आणि तीही सुरुवातीला, जेव्हा ते अजून काटकसरीने दिवस काढत होते. कॉफीवाचून जीव कासावीस होणारी म्हणजे कॅप्टन जेनवे. उत्तर: पहिला सीझन, १९९५, ‘द क्लाउड’. तो तेजोमेघ पुढे जिवंत प्राणी निघतो, ती गोष्ट वेगळी.

नोंद कोणत्या प्रकारची आहे तेही बघा. ‘आय कॅन लिव्ह विथ इट’ हे वाक्य ‘पर्सनल लॉग’मधलं आहे एवढाच इशारा मिळाला तरी खूप झालं. स्वतःच्या खाजगी नोंदीत माणूस स्वतःची समजूत घालतोय, म्हणजे त्याने न शोभणारं काही केलंय. कॅप्टन मंडळींपैकी असं पाऊल उचलून ते लपवणारा सिस्को. रोम्युलन सिनेटर व्ह्रीनाक ज्यात ‘इट्स अ फेक!’ असं ओरडतो तो ‘इन द पेल मूनलाइट’, १९९८. शेवटी सिस्को कॉम्प्युटरला ती सगळी नोंदच पुसायला सांगतो.

पायरी ७: सापळे

काही वाक्यं मालिकेत नाहीतच. ‘बीम मी अप, स्कॉटी’ या नेमक्या शब्दांत कर्क मूळ मालिकेत कधीही बोललेला नाही. कार्टून मालिकेत ‘बीम अस अप, स्कॉटी’ आहे, १९८६ सालच्या चौथ्या सिनेमात उलट क्रमाने ‘स्कॉटी, बीम मी अप’ आहे. ‘इट्स लाइफ, जिम, बट नॉट अ‍ॅज वी नो इट’ तर स्पॉकच्या तोंडी घातलेलं १९८७ सालच्या एका ब्रिटिश विनोदी गाण्यातलं. कोणी हे दिलं तर ‘मालिकेत नाही’ हेच बरोबर उत्तर.

काही वाक्यं सिनेमातली असून मालिकेतली वाटतात. बहुतांच्या गरजेपुढे थोड्यांची गरज गौण, हे स्पॉकचं प्रसिद्ध वचन १९८२ सालच्या ‘द रॅथ ऑफ खान’मधलं.

काही वाक्यं आपल्याला वाटतं त्याहून उशिरा आली. ‘रेझिस्टन्स इज फ्युटाइल’ हे बोर्गचं ब्रीदवाक्य. पण १९८९ सालच्या ‘क्यू हू’मध्ये बोर्ग पहिल्यांदा भेटतात तेव्हा ते हे म्हणत नाहीत. ते येतं १९९० च्या ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’मध्ये. तसंच ‘लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर’. ते पहिल्यापासून आहे असं वाटतं, पण सुरू झालं मूळ मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडपासून, ‘अमोक टाइम’, १५ सप्टेंबर १९६७. आणि पिकार्डचा ‘टी, अर्ल ग्रे, हॉट’ हा चहासुद्धा दुसऱ्या सीझनमधल्या ‘कन्टेजन’मध्ये पहिल्यांदा मागवला जातो.

सुरुवातीच्या निवेदनाचं वाक्य आलं तर शेवट नीट वाचा. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ आणि ‘फाइव्ह-इयर मिशन’ असेल तर कर्क. ‘नो वन’ आणि ‘कंटिन्यूइंग मिशन’ असेल तर पिकार्ड. ‘नो वन’ असूनही ‘फाइव्ह-इयर’ असेल तर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा पाइक. १९९१ सालच्या सहाव्या सिनेमाच्या शेवटी तर कर्क आधी ‘नो मॅन’ म्हणतो आणि लगेच स्वतःच ‘नो वन’ असं बदलतो. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ला असं निवेदनच नाही.

पायरी ८: अंदाज मोठ्याने मांडा

नुसतं एपिसोडचं नाव फेकण्यापेक्षा ‘व्हॉयेजर, चौथा किंवा पुढचा, कारण सेव्हन आहे, आणि पॅरिस एन्साइन आहे म्हणजे पाचवा-सहावा’ असं बोला. पुढचा माणूस तिथून उचलतो. कोणी म्हणेल की यात दुसऱ्यालाच फायदा होतो. होतो. पण मला तरी चौघांनी मिळून एका वाक्याभोवती फास आवळत नेणं हाच खेळाचा खरा भाग वाटतो. गुण मोजणाऱ्यांनी हवं तर सीझन ओळखणाऱ्याला अर्धा गुण द्यावा.

पायरी ९: तुमची पाळी आली की

वाक्य निवडणं हे ओळखण्यापेक्षा अवघड, आणि इथेच बहुतेक जण घोळ घालतात. एक तर ‘मेक इट सो’ देतात, नाहीतर ‘येस, कॅप्टन, लगेच बघतो’ असं काहीतरी, ज्यातून देवालाही काही कळणार नाही. वाक्यात किमान दोन खुणा हव्यात आणि त्यातली एक चटकन न दिसणारी हवी. वरच्या सगळ्या पायऱ्या तुमच्या वाक्यावर चालवून बघा. एकीनेही काही सापडत नसेल तर वाक्य बदला.

कठीणपणा कमी-जास्त करायचा सोपा मार्ग म्हणजे हाक ठेवणं किंवा काढणं. ‘ओल्ड मॅन’ काढलं की तेच वाक्य तिप्पट अवघड होतं. पण काढलेल्या जागी टिंबं द्या. शब्द गुपचूप बदलायचे नाहीत, नाहीतर डेटाच्या तोंडी जोडरूप घालून तुम्ही सगळ्यांना भलत्याच वाटेला लावाल. आठवणीतून लिहू नका. प्रसंग लावा, ऐका आणि मग टाइप करा. सबटायटल्स जागेअभावी बऱ्याचदा वाक्य छाटतात, आणि पटकथेत लिहिलेलं नटाने तसंच म्हटलेलं असेल असं नाही. वाक्य मुळात कोणाचं उद्धृत तर नाही ना, तेही बघा. ‘द रॅथ ऑफ खान’चा खलनायक खान ज्या क्लिंगॉन या परग्रही जमातीच्या म्हणीचा हवाला देतो ती पृथ्वीवरचीच जुनी म्हण आहे, आणि पिकार्ड तर शेक्सपिअर येता-जाता म्हणतो.

इशारे लांबून जवळ आणा. आधी दशक, मग जागा, मग ऐकणारा कोण होता ते. बोलणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी. पहिल्याच इशाऱ्यात ‘पिकार्ड’ सांगितलं तर उरलेलं नुसतं १७८ एपिसोडांचं लॉटरी तिकीट होतं. कोणालाच जमलं नाही तर उत्तर सांगताना खूण कुठे होती तेही दाखवा, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ गेला त्याला पुढची पाळी द्या.

शेवटची तपासणी दुहेरी उत्तराची. १९९६ सालच्या ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’मध्ये सिस्कोचा चमू काळात मागे जातो आणि १९६७ सालच्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’मधली मूळ दृश्यं त्यात मिसळलेली आहेत. म्हणजे कर्कचं एकच वाक्य दोन मालिकांत. ‘द केज’ची दृश्यंही ‘द मेनॅजरी’ या १९६६ सालच्या दोन भागांच्या कथेत वापरली गेली. अशा ठिकाणचं वाक्य दिलंत तर दोन्ही उत्तरं मान्य करा. आणि ज्याने दोन्ही सांगितली त्याला पुढची दोन वाक्यं द्यायला लावा.